रंग उडाला म्हणून नाणे दुर्मीळ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हे नाणे घरात असेल तर व्हाल लखपती’ छापाच्या बातम्यांची वाचकांना आता सवय झाली आहे. त्यात नवी भर परदेशी रंगीत नाण्यांची. कॅनडाचे २५ सेंटचे किंवा ऑस्ट्रेलियाचे २ डॉलरचे नाणे दाखवायचे, ‘रंगच पडलेला नाही’, ‘रंग सरकला आहे’, ‘छटा वेगळी आहे’ असे लिहायचे आणि हजारांत किंमत सांगायची, असा हा प्रकार. टोरांटो-ब्रॅम्प्टनकडे मुलेबाळे असलेली घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तिथून येताना खिशात राहिलेली नाणी इथे ड्रॉवरमध्ये पडतात, कारण चलन बदलून देणारे नोटा घेतात, सुटी नाणी सहसा घेत नाहीत. (परदेशी नाणी बाळगायला आपल्याकडे संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे त्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही.) पुढे जाहिरातींना भुलून लोक हीच नाणी विकायला आणि विकत घ्यायला लागतात. म्हणून या नाण्यांमधले फरक कसे पडतात आणि कोणत्या फरकाला खरोखर किंमत आहे, ते जरा तपशिलात मांडतो.

आधी मूळ गोष्ट. नेहमीच्या व्यवहारासाठी काढलेले जगातले पहिले रंगीत नाणे म्हणजे कॅनडाच्या टाकसाळीचे २००४ सालचे २५ सेंटचे ‘पॉपी’. मेपलच्या पानाच्या मधोमध पॉपीचे लाल फूल. युद्धांत मरण पावलेल्या सुमारे १ लाख १७ हजार कॅनडियन सैनिकांच्या स्मरणार्थ ते काढले आणि टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांमधून सुट्या पैशांत लोकांच्या हाती दिले. संख्या जवळपास ३ कोटी. वजन ४.४ ग्रॅम, व्यास २३.८८ मिलिमीटर, आत पोलाद आणि वर तांबे व निकेलचे थर, त्यामुळे चुंबकाला चिकटते. जे नाणे जवळपास ३ कोटी काढले आणि लोकांनी आठवण म्हणून मुद्दाम जपून ठेवले, ते दुर्मीळ कसे असेल, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने पहिल्यांदा विचारायला हवा.

या नाण्याची एक मजेशीर गोष्ट नाणेसंग्राहकांना ठाऊक असते. अमेरिकी लष्कराची कामे घेणाऱ्या काही कंत्राटदारांना कॅनडाच्या दौऱ्यात हे नाणे मिळाले, आणि ते हेरगिरीचे उपकरण असावे अशी तक्रार त्यांनी गोपनीय अहवालात केली. भिंगाखाली दिसलेले पारदर्शक थर आणि जाळीसारखी रचना त्यांना ‘नॅनोतंत्रज्ञान’ वाटली. नाण्यांत रेडिओ ट्रान्समीटर दडवले जात असल्याचा इशाराही अमेरिकेच्या एका सरकारी यंत्रणेने त्यावरून देऊन टाकला. २००७ मध्ये उलगडा झाला तेव्हा तो थर म्हणजे लाल रंग खरवडून जाऊ नये म्हणून टाकसाळीने दिलेले साधे संरक्षक लेपन निघाले. विनोदाचा भाग सोडला तरी यातून कामाची माहिती मिळते. या नाण्यावर नुसती शाई नाही, शाईवर पारदर्शक लेप आहे, आणि खाली धातूचा पृष्ठभाग शाई धरून ठेवण्यासाठी मुद्दाम खडबडीत, बारीक खळग्यांचा ठेवलेला आहे. नाणे तपासताना या तिन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

आता सर्वांत जास्त फसवणूक कुठे होते ते. २००४ची पॉपी, २००६ची स्तनकर्करोगाच्या जागृतीसाठीची गुलाबी फीत, २००८ आणि २०१० या वर्षांच्या पॉपी, ही चलनातली नाणी रंगीतच निघाली. पण २००९पासून कॅनडाने दुसरी पद्धतही सुरू केली. एकच नक्षी, त्यातली काही नाणी रंगीत आणि काही बिनरंगी, दोन्ही अधिकृत, दोन्ही चलनात. २००९ सालच्या हिवाळी ऑलिम्पिक मालिकेतली पुरुष हॉकी, महिला हॉकी आणि स्केटर सिंडी क्लासन ही तीन नाणी तशी निघाली, त्यात रंगीत कमी आणि बिनरंगी खूप जास्त. २०११ मध्ये वुड बायसन (तिथला रानटी बैल), बहिरी ससाणा आणि ऑर्का व्हेल ही तीन नाणी प्रत्येकी १ कोटी २५ लाख पाडली, त्यातली बरोबर निम्मी रंगीत. १८१२च्या ब्रिटन-अमेरिका युद्धातल्या ब्रॉक, टेकुमसे, डी सालाबेरी आणि लॉरा सेकॉर्ड या व्यक्तींची चार नाणी २०१२-१३ मध्ये याच हिशेबाने आली. २०१५ची पॉपी आणि राष्ट्रध्वजाचे नाणेही दोन्ही रूपांत आहे. म्हणजे बिनरंगी ऑर्का दाखवून ‘रंग द्यायचा राहून गेला’ असे कोणी म्हणाले, तर तो एक तर अडाणी आहे किंवा समोरच्याला अडाणी समजतो आहे. तशी ६२ लाख ५० हजार नाणी टाकसाळीने जाणूनबुजून काढली आहेत.

२ डॉलरच्या नाण्यांचे प्रमाण उलटे आहे. २०२१ मध्ये इन्शुलिनच्या शोधाला शंभर वर्षे झाली म्हणून काढलेली नाणी ३० लाख होती. त्यातली २० लाख रंगीत, १० लाख बिनरंगी. २०१८चे पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचे आणि २०१९चे दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईचे नाणेही याच धर्तीवर निघाले. इथे बिनरंगी नाणे संख्येने कमी आहे हे खरे. पण १० लाख म्हणजे हजारो रुपये मोजण्यासारखी दुर्मिळाई नव्हे. २०१७चे कॅनडाच्या १५० वर्षांचे २ डॉलरचे नाणे तर आणखी वेगळे. होडीतून जाणारी दोन माणसे आणि वर ध्रुवीय प्रकाश, अशी नक्षी. रंगीत नाण्यावरचा आकाशाचा भाग अंधारात चमकतो. हे नाणे घ्यायचे तर दिव्याखाली मिनिटभर धरून मग अंधाऱ्या खोलीत पाहावे. चमक नसेल आणि रंगही नसेल, तर ते अधिकृत बिनरंगी नाणे. रंग आहे पण चमक नाही, तर मात्र थांबून विचार करावा, कारण रंग नंतर कोणीतरी लावलेला असू शकतो.

टाकसाळीत रंग लावतात तो नाणे पाडून झाल्यावर. साच्याचा, म्हणजे डायचा, आणि रंगाचा संबंध नाही. म्हणून ‘डाय एरर’ आणि ‘कलर एरर’ या गोष्टी अगदी वेगळ्या, आणि विक्रेता दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरत असेल तर त्याच्या ज्ञानाबद्दल शंका घ्यावी. रंग लावण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पॅड प्रिंटिंगमध्ये पोलादी पट्टीवर नक्षी खोदलेली असते, तिच्यात शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ गोळा (पॅड) ती शाई उचलतो आणि नाण्यावर दाबतो. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील टाकसाळीत ही पद्धत वापरतात. दुसरी इंकजेट, म्हणजे संगणकाच्या हुकमाने बारीक थेंब उडवायचे. दोन्हींत नाणे खाचेत नेमके बसले पाहिजे आणि नेमक्या कोनात फिरवलेले असले पाहिजे, कारण गोल नाण्याला वरची-खालची बाजू स्वतःहून नसते. खरे अपघात होतात ते इथेच.

नाणे खाचेत किंचित उचलून बसले तर रंग एका बाजूला सरकतो. कोन चुकला तर नक्षी सरळ आणि रंग तिरका. अशा वेळी पाकळीचा लाल भाग मेपलच्या पानावर चढतो आणि फुलाच्या समोरच्या कडेला तेवढीच धातूची कोर उघडी पडते. ही ‘तेवढीच’ महत्त्वाची आहे: सरकलेल्या छपाईत एका बाजूला जितका रंग जास्त, तितकाच दुसऱ्या बाजूला कमी. एका बाजूने रंग गेलेला आहे पण दुसऱ्या बाजूला काही वाढलेले नाही, तर ती झीज. अर्ध्या मिलिमीटरच्या आतले सरकणे तर नेहमीचेच आहे, चलनातल्या नाण्यात त्याला कोणी एरर म्हणत नाही. बहुरंगी नाण्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा पॅड लागतो, त्यामुळे दोन रंगांच्या मध्ये बारीक फट किंवा एकमेकांवर चढलेली कड दिसते. तीही मोठी नसेल तर सोडून द्यावी.

धूळ किंवा तेलाचा कण धातूवर राहिला तर तिथे शाई धरत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक दिसते. पॅड झिजला की कडेचा रंग तुटक येतो. नाण्यावरचा उठाव जास्त असेल तर त्याच्या उभ्या कडेपर्यंत पॅड पोहोचत नाही आणि आकृतीभोवती चकचकीत रेष राहते. ही त्या नक्षीच्या प्रत्येक नाण्यात कमी-जास्त असते, तो दोष नव्हे. शाई पुरती वाळण्याआधी नाणी एकमेकांना लागली तर रंग फरफटतो, कधी दुसऱ्या नाण्यावरच्या राणी एलिझाबेथच्या चेहऱ्यावर लाल डाग उमटतो. इंकजेटची खूण वेगळी. फवाऱ्याचे एखादे छिद्र बुजले की रंगात अगदी सरळ, एकसारखी, केसाएवढी रेघ कोरी राहते. झिजेने अशी रेघ पडत नाही. ओरखड्याने पडते, पण ओरखडा धातूतही उतरलेला असतो, तिरप्या उजेडात लगेच कळतो.

छटेतल्या फरकाबद्दल तर बोलायलाच नको. शाईचा घोळ बदलला, पातळपणा बदलला, दिवसभरात तिच्यातले द्रावक उडून ती घट्ट झाली, की लाल थोडा गडद किंवा फिका येतो. त्यावर खिडकीतले ऊन, हातांचा घाम, मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्वतःहून केलेली रंगदुरुस्ती. ‘नारिंगी पॉपी’ म्हणून दाखवलेले नाणे पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिले की बहुधा लालच निघते. नुसत्या छटेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरतो तो मुख्य प्रश्न: मुळात रंगीतच निघालेल्या नाण्यावर रंग अजिबात नसेल तर? २००४च्या पॉपीबाबत हा दावा सर्वांत जास्त केला जातो. तो तपासण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक टॉर्च आणि नोटा तपासायची अतिनील, म्हणजे यूव्ही, टॉर्च एवढे साहित्य पुरते. वजनकाट्याचा उपयोग नाही. शाईचे वजन इतके नगण्य की ज्वेलरच्या काट्यावरही फरक धरता येत नाही. आधी नाण्याची दुसरी बाजू पाहा. राणीच्या गालाचा आणि केसांचा उठाव झिजलेला असेल, तर हे नाणे बरेच फिरले आहे आणि रंगही फिरताना गेला आहे. झिजेत रंग आधी उंचवट्यांवरून जातो, खोलगट जागी राहतो. म्हणून पाकळ्यांच्या घड्या आणि कडेचा कोपरा भिंगाखाली फिरवून पाहायचा. तिथे लालसर कण सापडले की विषय संपला.

दुसरी बाजू कोरी करकरीत आहे आणि रंग मात्र पूर्ण गेला आहे, तर रसायनाचा संशय घ्यावा. नखांचे पॉलिश काढायच्या द्रवात बऱ्याचदा अॅसिटोन असते, आणि त्यात भिजवून ठेवले की अनेक शाया सुटतात. धातूला मात्र काही होत नाही. म्हणूनच ही लबाडी सोपी आहे. तरी खुणा राहतात. बारीक खळग्यांत गुलाबी झाक, सुटलेल्या लेपाचे पातळ पापुद्रे, कापसाने किंवा ब्रशने घासल्याच्या एकाच दिशेने गेलेल्या अतिसूक्ष्म रेघा. यूव्ही टॉर्च लावली तर शाई आणि लेप बहुधा धातूपेक्षा वेगळे उजळतात; फुलाच्या आकारात तुटक तुटक झळाळी दिसली, तर तिथे काहीतरी होते आणि ते काढले आहे. यातले काहीच आढळले नाही तरी सुट्या नाण्याबाबत ‘टाकसाळीतच रंग राहून गेला’ हे सिद्ध करणे फार अवघड असते. टाकसाळीच्या न उघडलेल्या गुंडाळीतून किंवा सीलबंद पॅकमधून तसे नाणे निघाले तर त्याला अर्थ आहे. सुट्या नाण्याची किंमत आमच्या लेखी २५ सेंट, म्हणजे साधारण १५-१६ रुपये, आणि वर हौसेचे काय ते.

उलट लबाडीही चालते, म्हणजे बिनरंगी नाण्यावर रंग भरायचा. नेलपॉलिश, इनॅमल, कधी चक्क स्टिकर. टाकसाळीचा रंग पातळ आणि सपाट असतो, हाताने भरलेला रंग कडेला फुगतो, त्यात बुडबुडे दिसतात, ब्रशच्या रेघा दिसतात. सर्वांत पक्की कसोटी म्हणजे ओरखडे. वापराचा ओरखडा रंगावरून गेलेला असला पाहिजे. ओरखडा रंगाच्या खालून जात असेल, तर आधी नाणे फिरले आणि रंग नंतर आला.

ऑस्ट्रेलियाच्या २ डॉलरच्या नाण्यांनाही हेच सगळे लागू. तिथले चलनातले पहिले रंगीत नाणे २०१२चे लाल पॉपीचे. त्याच वर्षी पॉपीचे बिनरंगी नाणेही निघाले आणि ते संख्येने कितीतरी जास्त आहे. २०१३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या साठ वर्षांचे जांभळ्या रंगाचे नाणे आले. नाणे लहान, २०.५ मिलिमीटर, पण जाड आणि ६.६ ग्रॅम वजनाचे. तांबे, अॅल्युमिनियम आणि निकेलचे असल्याने चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर बनावट समजावे. खिशात घासून जांभळा रंग गेलेली नाणी ‘जांभळा विसरला’ म्हणून विकली जातात. भिंग घेऊन वर सांगितलेली तपासणी करावी, सहसा दोन मिनिटांत निकाल लागतो.

भारतात चलनातले रंगीत नाणे आजवर निघालेले नाही. आठवडी बाजारात किंवा नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनाबाहेर रंग भरलेली १० किंवा ५ रुपयांची नाणी ‘स्पेशल मिंट’ म्हणून दिसतात, ती कोणीतरी घरी रंगवलेली असतात. त्याच वेळी नक्षी वेगळी म्हणून खरे नाणे नाकारण्याची उलटी खोडही आपल्याकडे आहे. १० रुपयांच्या नाण्यांवरून झालेला गोंधळ आठवावा. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावे लागले की तोवर निघालेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत, रुपयाचे चिन्ह असलेली आणि नसलेलीही. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरे पत्रक काढावे लागले, ते जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्यासाठी. रंगीत नाण्यांच्या जाहिरातींतही पुढची पायरी अनेकदा हीच असते: ‘तुमचे नाणे ५० हजारांना घेतो, आधी नोंदणीचे ९९९ भरा’.

ज्यांच्याकडे ही नाणी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, यातले काहीही लावू नका. रंगाबरोबर पृष्ठभागही जाईल. धूळ असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून काढा आणि मऊ कापडावर ठेवून वाळू द्या, पुसू नका. ठेवायला पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या अजिबात नकोत. त्यातले तेलकट द्रव्य शाई मऊ करते आणि मग नाणे काढताना रंग पिशवीला चिकटून येतो. मायलर या प्लास्टिकचे फ्लिप (दुमडायची पारदर्शक पाकिटे) किंवा मापाची कडक कॅप्सूल (गोल पारदर्शक डबी) घ्या. २५ सेंटला २४ मिलिमीटरची, २ कॅनडियन डॉलरला २८ मिलिमीटरची. सैल कॅप्सूलमध्ये नाणे आत आपटत राहते आणि उंचवट्यावरचा रंग कडेने जायला लागतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. अल्बमची जागा कपाटात, शोकेसच्या काचेमागे उन्हात नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. अशा नाण्यांची बातमी छापताना विक्रेत्याने मागितलेली किंमत ही ‘किंमत’ म्हणून छापू नये. संकेतस्थळावर कोणीही कितीही आकडा लिहू शकतो. छापायचाच असेल तर ते नाणे प्रत्यक्ष लिलावात कितीला गेले तो आकडा छापावा, आणि त्यासोबत तीन गोष्टी द्याव्यात: टाकसाळीने त्या वर्षी ती नक्षी रंगीत, बिनरंगी की दोन्ही काढली, प्रत्येकीची संख्या किती, आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र. कॅनडाच्या टाकसाळीचे संख्येचे आकडे कोणालाही पाहता येतात. छायाचित्र द्यायला विक्रेता कां कू करत असेल तर ती बातमी नाही, जाहिरात आहे, आणि तिचे पैसे त्याच्याकडून घ्यावेत.

आपले,
काही नाणेसंग्राहक, पुणे